मदत हवी आहे: हिशेबासोबत क्लायंटचे पगारही करून द्यावेत का?

नमस्कार मंडळी. आमची छोटी अकाउंटिंग फर्म आहे. आता क्लायंटच म्हणायला लागलेत, 'पगाराचंही तुम्हीच बघा ना.'

गणिताची भीती नाही. एकूण पगारातून कर आणि बाकी वजावटी काढल्या की हातात पडणारी रक्कम. सॉफ्टवेअर ते करतं. डोकेदुखी त्याआधीची, क्लायंटकडून येणाऱ्या हजेरीच्या माहितीची. पगारपत्रकं तयार, बँकेची फाइल (कोणाच्या खात्यात किती जमा करायचे त्याची यादी) तयार, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निरोप येणार: 'एकाची दोन दिवस बिनपगारी रजा धरा, आणि दुसरा पंधरा तारखेलाच सोडून गेलाय.' की सगळं पुन्हा. खर्चाची नोंद चार दिवस उशिरा झाली तर खपून जातं, पगार एक दिवस लांबला तर बोंबाबोंब!

हे काम करणाऱ्यांनी सांगा: दर माणशी लावता की महिन्याला ठोक? मला माणशी बरा वाटतो, पण तीन-चार माणसांच्या क्लायंटमागे मेहनत तेवढीच, मग किमान रक्कम ठेवता का? सोडून गेलेल्याचा फुल अँड फायनल हिशेब (शेवटचं सगळं देणं-घेणं चुकतं करणं) वेगळा आकारता? हजेरी कळवायची शेवटची तारीख कशी पाळायला लावता? आणि क्लायंटनेच पैसे वेळेत न दिल्यामुळे पगारातून कापलेल्या वजावटींचा सरकारकडे करायचा भरणा चुकला, तर दंड कोणाचा, हे करारात नेमकं कसं लिहिता?

पगाराचे पैसे आमच्या खात्यातून फिरवायचे नाहीत, एवढं पक्कं आहे. फाइल आम्ही बनवू, बँकेत मंजुरी क्लायंट देईल.

वर्षाच्या मध्येच आलेल्या क्लायंटचे आधीच्या महिन्यांचे आकडे कसे जुळवून घेता, तेही सांगा.