हळदीच्या कागदावर साबणाने चित्र: लाल रंग उठतच नाही, काय करू?

वडगावची सून
नमस्कार सगळ्यांना. इकडे बेळगावात पाऊस नुसता धो धो, डीसींनी (जिल्हाधिकाऱ्यांनी) शाळेला सुट्टी दिली की घरात धुडगूस सुरू, माझा मुलगा युकेजीत, जावेची मुलगी दुसरीत, शिवाय खालच्या मजल्यावरची कन्नड मिडियमची दोघं भावंडं, सगळे मिळून एकतर टीव्ही नाहीतर मोबाईल. म्हणून नणंदेने व्हिडिओ पाठवलेला तो बघून हळदीचा कागद करायला घेतला. ड्रॉइंग शीटवर हळदीचं पाणी फासायचं, वाळवायचं आणि साबणाच्या पाण्यात कान साफ करायची कापसाची काडी बुडवून चित्र काढायचं, की पिवळ्यावर लाल रेघ उठते. नणंदेकडे अगदी कुंकवासारखी उठली हो! इथं भांड्याचं बाटलीतलं लिक्विड लावलं तर नुसतं ओलं दिसतंय, वाळलं की काहीच नाही. खायच्या सोड्याने थोडं नारिंगी झालं, तेही डोळे ताणून बघावं लागतंय. हळद रविवार पेठेतली, चांगली आहे. सासूबाई म्हणतात, "हे काय करूलालीस, पानाच्या डब्यातला चुना लाव की जरा." चुन्याने होईल, पण एवढ्याशा पोरांच्या हातात चुना द्यायचा का? आणि पोरं सारखी "लाल का होतं, लाल का होतं" विचारून डोकं खातात, त्यांना सोप्यात काय सांगू?

निपाणीचे मास्तर
ताई, हळद बदलू नका, साबण बदला. हळदीत जो पिवळा रंग असतो, करक्युमिन, तो आंबट पदार्थात पिवळाच राहतो आणि खाराचा पदार्थ (सोडा-साबणासारखा, मिठासारखा खारट नव्हे) लागला की लाल होतो, पण त्याला खार बऱ्यापैकी लागतो. बाटलीतली भांड्याची लिक्विडं बरीचशी ना आंबट ना खारी अशी बनवलेली असतात, हाताला त्रास नको म्हणून, त्यामुळे हळद ढिम्म हलत नाही. अंगाच्या काही भारी साबणांचंही तेच. खायच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट-खार मोजायचं माप, साधारण ८ च्या थोडा वर, आणि हळदीचा रंग पालटायला सुरुवातच तिथे होते, म्हणून तुमचं ते अर्धवट नारिंगी. कपडे धुवायची साधी वडी किसून कोमट पाण्यात घट्टसर कालवा, नाहीतर भांडी घासायची वडी घ्या, बघा कसं उठतंय ते. पापडखार असेल तर तो चिमूटभर पाण्यात, तोही छान चालतो, पण ते पाणी पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

चुना मुळीच नको. डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते, आणि लहान पोरं डोळे चोळल्याशिवाय राहत नाहीत. धुण्याचा सोडासुद्धा त्यांच्या हातात नको.

पोरांना सांगायचं तर भज्यांवरून सांगा. पिठात हळद घातलेली असते, सोडा एका जागी जास्त पडला की भज्यावर लाल ठिपके येतात, ते त्यांनी बघितलेलं असतंय. हळदीला खार भेटला की ती लाजते म्हणा, दुसरीतल्या मुलीला तेवढं पुरे. आमच्याकडे सातवीला एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हेच होतं, आईच्या वाढदिवसाला हळदीच्या कागदाचं कार्ड करायचं आणि साबणाच्या पाण्याने त्यावर फूल काढायचं.

शहापूर_७७
पण मी तर ऐकलंय साबण लावल्यावर लाल झाली म्हणजे हळदीत भेसळ. आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर व्हिडिओ पण आलेला. मग ज्या हळदीला लाल येत नाही तीच चोख ना?

निपाणीचे मास्तर
उलटं आहे साहेब. चोख हळद साबणाने लाल होणारच. आजवर हळदीच्या कार्यक्रमाचे कपडे धुतले नाहीत काय तुम्ही? साबण लावला की डाग लाल, खळखळून पाणी मारलं की परत पिवळा. भेसळीचा जो मेटॅनिल यलो नावाचा रंग असतो तो तीव्र आम्ल टाकून तपासतात, मग गुलाबी-जांभळट होतो, आणि ते काम लॅबचं, घरी ॲसिड घेऊन बसू नका.

खानापूरची मावशी
अगं बाळ, चुलीची राख मिळाली तर बघ. राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवायची, वरची निवळ फडक्यातून गाळून घ्यायची, तिने पण लाल होतंय. आम्ही भांडी राखेनंच घासायचो, साबण कुठला आलाय. निवळ तू स्वतः काढ हो, हाताला झोंबते, पोरांना बशीत थोडी पाणी घालून दे.

कुंकू पण असंच, हळदीला चुना लावूनच करायचे पूर्वी. तुझी सासू बरोबर बोलली पण ते मोठ्या माणसांचं काम. आणि एक सांगते, फरशीवर जुने पेपर घाल, पोरांना जुने बनियन घाल. डाग पडलाच तर धुऊन उन्हात टाक, हळद उन्हाला टिकत नाही. आता या पावसात ऊन कुठून आणणार म्हणा!

हिंदवाडी आई
मावशींनी म्हटलं तसं ऊन हळदीचा रंग खातं म्हणून कागद पण उन्हात वाळवू नका, पंख्याखाली वाळवा, पावसाळ्यात वेळ लागतो, रात्री फासून ठेवलेले बरे. आणि पाण्यात हळद विरघळत नाही, तळाला बसते, म्हणून कागदावर कण कण आणि पट्टे येतात. मी सॅनिटायझरमध्ये कालवते, ते स्पिरिटचं असतं ना, त्यात रंग उतरतो आणि कागद एकसारखा पिवळा होतो, लवकर वाळतोही. फक्त हे आपण करायचं, गॅस बंद करून, खिडकी उघडून, पोरांना वाळलेला कागदच द्यायचा.

खरी मजा चित्र काढून झाल्यावर आहे. लाल फुलावर लिंबाचा थेंब टाकायला द्या, परत पिवळं! चिंचेचं पाणी, ताक, आमसुलाचं पाणी, सगळं वाट्यांत मांडा आणि आधी विचारा, कशाने लाल जाईल सांगा बघू. माझी लेक ताकावर पैज लावून बसली होती, ताक टाकलं तर हळूहळू गेला रंग, पण लिंबासारखा झटक्यात नाही, मग तिनेच विचारलं की ताक कमी आंबट आहे काय. मी तर गप्पच झाले. पोरांना उत्तर आधी सांगू नका एवढंच माझं म्हणणं.

वडगावची सून
धन्यवाद सगळ्यांना! कपड्याच्या वडीने जमलं!! लाल म्हणजे विटकरी लाल, वाळल्यावर जरा आणखी विटकरी पडतोय, पण पोरं खूश. खालच्या मजल्यावरच्या पोराने कन्नडमध्ये आपलं नाव लिहिलं आणि माझ्या मुलाने लगेच त्यावर लिंबू पिळलं, रडारड झाली, मग त्याला दुसरा कागद दिला. जास्वंदीचं पण काहीतरी करता येतं ना? दारात झाड भरून फुललंय, पावसाने फुलं गळून पडताहेत.

निपाणीचे मास्तर
येतं की. लाल जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, रंग उतरला की गाळा. लिंबू घातलं तर गडद गुलाबी होतं आणि साबणाचं पाणी घातलं तर हिरवट. हळद नुसता खार दाखवते, जास्वंद दोन्हीकडचं दाखवते. दोन काचेच्या ग्लासात करा, पांढरा कागद मागे धरा म्हणजे रंग नीट दिसतो. पाणी फार दिवस ठेवू नका, वास मारतं.

शहापूर_७७
घरात भांड्याची वडी होती, लावून बघितली, आमची पण लाल झाली हळद. ग्रुपवर टाकतो आता.