दिवसातून सहा वेळा खाणं सोडलं, स्नायूंनी तक्रार केली नाही

हातोडा
चार वर्षं मी दर अडीच तासांनी खात होतो. फोनमध्ये सहा गजर लावलेले. अकराचा गजर नेमका मीटिंगमध्ये वाजायचा, मग काहीतरी कारण काढून बाहेर पडायचं, जिन्यात उभ्या-उभ्या दोन उकडलेली अंडी सोलायची आणि टरफलं खिशात कोंबायची. एखादी वेळ चुकली की दिवसभर चुटपुट, आता स्नायू झडणार म्हणून. गेल्या वर्षी कामाचं स्वरूप बदललं, सहा डबे भरणं जमेना, नाइलाजाने तीन जेवणांवर आलो. रोजची एकूण प्रथिनं मात्र तेवढीच ठेवली: वजनाच्या दर किलोला १.७ ग्रॅम. व्यायाम तोच, आठवड्याला चार दिवस. वर्षभरात स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारायची बैठक) १५ किलोंनी वाढला आणि दंडही अर्धा इंच भरला.

म्हणून स्पष्टच लिहितो, सहा वेळा खायचा नियम हे थोतांड आहे. ‘सारखं खात राहून चयापचयाची भट्टी पेटती ठेवायची, म्हणजे जास्त ऊर्जा जळते’ हे तर सगळ्यात मोठं. अन्न पचवायला लागणारी ऊर्जा किती खाल्लं आणि काय खाल्लं यावर ठरते. प्रथिनांमधल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के पचनातच जाते, कर्बोदकांमधली ५ ते १० टक्के. तेच अन्न तीनदा खा की सहादा, बेरीज तीच.

व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिन पोटात गेलंच पाहिजे, या सुप्रसिद्ध नियमाचंही तसंच. शेवटचा सेट संपायच्या आत लोक शेकर हलवायला लागतात. पी हळद अन् हो गोरी! शोनफेल्ड, अ‍ॅरागॉन आणि क्रीगर या संशोधकांनी २०१३ साली यावरचे प्रयोग एकत्र तपासले. वरवर पाहता वेळ साधणाऱ्यांना फायदा दिसत होता, पण दिवसभरातली एकूण प्रथिनं हिशेबात धरल्यावर तो उडाला. वेळ साधणारे गट मुळात जास्त प्रथिनं खात होते, एवढंच. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

लोखंडी_चणे
‘थोतांड’ मागे घ्या, मग बोलू.

त्याच २०१३ सालचा अरेटा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. नियमित व्यायाम करणारे २४ पुरुष. पायांचा व्यायाम करून घेतला आणि पुढच्या १२ तासांत सगळ्यांना व्हे (दुधाच्या निवळीतलं) प्रथिन दिलं, प्रत्येकी ८० ग्रॅमच. फरक फक्त वाटणीत. काहींना दर दीड तासाने १० ग्रॅम, काहींना दर तीन तासांनी २०, काहींना दर सहा तासांनी ४०. स्नायूंमधली प्रथिननिर्मिती सर्वात जास्त कुणात? दर तीन तासांनी २० ग्रॅम घेणाऱ्यांत. एकूण तेच असूनही वाटणीने फरक पडला की नाही?

कारणही समजण्यासारखं आहे. एकदा भरपूर प्रथिन पोटात गेलं की स्नायूंमधली निर्मिती दीडेक तासात शिगेला पोचते आणि तीन तासांच्या आसपास पुन्हा खाली येते, रक्तात अमिनो आम्लं (प्रथिनं पचून सुटे झालेले घटक) भरपूर असली तरी. विटांचा अख्खा ट्रक अंगणात ओतला म्हणून गवंडी दुप्पट भिंत बांधत नाही.

हातोडा
तुमच्याच प्रयोगात सगळ्यात जास्त वेळा खाणारे, म्हणजे दर दीड तासवाले, पहिले आले नाहीत. सहा-सहा डबे वाहणाऱ्यांनी हे कपाटावर चिकटवून ठेवावं.

दुसरं, ते नुसतं व्हे होतं. भरकन पचणारं, सोबत ना स्निग्ध पदार्थ ना तंतू. खरं जेवण पोटात कितीतरी तास रेंगाळतं. तिसरं, त्यांनी १२ तासांतला निर्मितीचा वेग मोजला. दंडाला टेप लावून महिन्याभरात काय झालं ते नाही मोजलं.

आणि ते गवंड्याचं म्हणत असाल तर २०२३ साली नेदरलँड्समधल्या ट्रॉमेलेन आणि मंडळींचा प्रयोग आला. व्यायामानंतर एकाच वेळी २५ ग्रॅम किंवा थेट १०० ग्रॅम दुधाचं प्रथिन. १०० ग्रॅमवाल्यांची निर्मिती जास्त झाली आणि १२ तासांनंतरही चालू होती. गवंडी दमला नाही, विटा संपेपर्यंत काम करत राहिला.

लोखंडी_चणे
वा! माझा प्रयोग ‘फक्त निर्मितीचा वेग मोजला, टेप लावली नाही’ म्हणून बाद, आणि लगेच खाली तुमचा प्रयोग, त्यात काय मोजलंय? निर्मितीचा वेगच ना? एका वेळचा?

हातोडा
पकडलंत. हे मान्य.

काडीपैलवान
तुमचं चालू द्या, मला मोजमापातलं फारसं कळत नाही. माझी उंची सहा फूट, वजन ५६ होतं. वजन वाढवायचं तर रोज ३००० कॅलरींच्या आसपास लागतात असा माझा अनुभव. तीन जेवणांत म्हणजे एका ताटात हजार. कधी प्रयत्न केलाय? मी केलाय. भात अर्धा संपेपर्यंत घशाशी येतं, उरलेला चिवडत बसायचं, पुढच्या जेवणाला भूकच नाही. असे चार महिने काढले, काटा जागचा हलला नाही. मग मधे-मधे खायला लागलो: मूठभर शेंगदाणे, केळं, दूध. तेव्हा कुठे ६३ झालो.

त्यामुळे सहा वेळा खाणं हे माझ्या बाबतीत तरी थोतांड नाही. स्नायूंना घड्याळ कळतं की नाही ते माहीत नाही, माझ्या पोटाला माप कळतं.

लोखंडी_चणे
+१. भट्टीबिट्टी सोडा, हे खरं कारण आहे.

रात्रपाळी
माझी ड्युटी रात्री नऊ ते सकाळी सात. ‘सकाळचा नाश्ता’ कशाला म्हणायचं इथपासून गोंधळ. खाणं आठ तासांत आटोपायचं आणि सोळा तास काही नाही, हे सहा महिने करून पाहिलं. चरबी उतरली, ताकद होती तिथेच राहिली. २०१६ साली मोरो यांनी वजनं उचलणाऱ्या ३४ पुरुषांवर आठ आठवडे हेच केलं होतं. त्यांचीही चरबी घटली आणि स्नायू टिकले. ‘टिकले’ हा शब्द लक्षात घ्या, वाढले नाहीत. वाढवायचे असतील तर आठ तासांची खिडकी मला तरी अडचणीची वाटते. सोळा तास उपाशी राहून उरलेल्या वेळात ठासून खायला माझ्यात बळ नसतं.

एक प्रश्न: झोपण्यापूर्वी प्रथिन घेतलेलं चांगलं म्हणतात. मी सकाळी साडेआठला झोपते. चालेल?

हातोडा
चालेल हो ताई, पोटाला उजाडलेलं दिसत नाही. झोपण्यापूर्वी ४० ग्रॅम केसीन (दुधातलं सावकाश पचणारं प्रथिन) दिलं तर ते झोपेत पचतं आणि स्नायूंमध्ये वापरलं जातं, हे २०१२ साली दाखवून झालंय. पण २०१५ च्या १२ आठवड्यांच्या ज्या प्रयोगाचा सगळे दाखला देतात त्यात दुसऱ्या गटाला नुसतं बिनकॅलरीचं पेय होतं. म्हणजे झोपण्याच्या वेळेचा फायदा की एकूण जास्त प्रथिनांचा, ते त्यातून सांगता येत नाही.

साठीपार
तुमचे हे सगळे अभ्यास विशी-पंचविशीतल्या पोरांवरचे. मी ६४ वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी वजनं उचलायला सुरुवात केली. वय वाढलं की थोड्याशा प्रथिनाला स्नायू दाद देत नाहीत. तरुणाला एका वेळी वजनाच्या दर किलोला सुमारे ०.२४ ग्रॅम पुरतं, तिथे आमच्या वयाला ०.४० च्या आसपास लागतं असा हिशेब निघालेला आहे. माझं वजन ६८, म्हणजे एका वेळी २७ ग्रॅम. आता हेच मी सहा ठिकाणी बारा-बारा ग्रॅम शिंपडलं तर एकाही वेळी उंबरठा ओलांडला जायचा नाही.

माझी चूक उलटी होती. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दुपारी थोडंसं, आणि प्रथिनाचं सगळं रात्रीच्या ताटात. सकाळी तीन अंडी आणि पेलाभर दूध सुरू केलं, बाकी काही बदललं नाही. तीन महिन्यांनी जमिनीवरून हात न टेकता उठता यायला लागलं. (व्यायामही चालू होता, सगळं श्रेय अंड्यांना देत नाही.) मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

हातोडा
काका, हे पटलं. ‘थोतांड’ हा शब्द जरा जास्तच झाला. एवढं म्हणतो: आधी दिवसाची बेरीज, दर किलोला १.६ ग्रॅमच्या आसपास, मग वाटणी. बेरीज जुळत नसताना घड्याळ बघणाऱ्यांचा मला राग आहे.

लोखंडी_चणे
हे आधी म्हणाला असतात तर मी लॉगिनही केलं नसतं. बरं, तुमच्या त्या तीन जेवणांची वाटणी सांगा की. कुतूहल म्हणून विचारतोय.

हातोडा
वजन ७६, म्हणजे १२९ ग्रॅम. नाश्त्याला ३०, दुपारी ३८, रात्री ४४.

लोखंडी_चणे
हे ११२ झाले. उरलेले १७?

हातोडा
झोपताना अर्धा लिटर दूध पितो.

लोखंडी_चणे
म्हणजे चार वेळा.

हातोडा
दूध म्हणजे जेवण नव्हे हो.

काडीपैलवान
अर्धा लिटर?? माझं ते एक जेवण आहे.