अनुभव धागा : गावच्या वाचनालयानं तुम्हाला काय दिलं?

रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. नगरचं जिल्हा वाचनालय 1838 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं. स्थापनेची सालं पाटीवर असतात, शतकोत्तर स्मरणिकेत छापली जातात. पण रोज संध्याकाळी त्या इमारतीत कोण येतं, कशासाठी येतं आणि जाताना काय घेऊन जातं, हे कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून हा धागा.

तालुक्याच्या किंवा त्याहून लहान गावातल्या वाचनालयाबद्दल लिहा. पुस्तकांची देवघेव तर सगळीकडेच असते, त्यापलीकडे तिथं काय मिळालं? काय बंद पडलं, काय सुरू व्हायला हवं? मला स्वतःला असं वाटतं की लहान गावात कुणीही, काहीही विकत न घेता तासन्‌तास बसू शकेल अशा छपराखालच्या जागा तीनच असतात: देऊळ, एसटी स्टँड आणि वाचनालय. त्यातली तिसरी जागा राहायलाच हवी. वाचनसंस्कृती वाढतेय की लोपतेय यावर इथं वाद नको, आपल्या गावात काय घडलं ते सांगा.

बीड जिल्हा. स्पर्धा परीक्षा देऊन नोकरीला लागलेली एक मुलगी

आमच्या वाचनालयाच्या माडीवर अभ्यासिका आहे. घरी दोन खोल्या, आजोबांचा टीव्ही आणि येणारं-जाणारं माणूस, त्यामुळे घरी अभ्यास व्हायचा नाही. गावात खासगी अभ्यासिकाही होती, पण तिची महिन्याची फी परवडायची नाही आणि रात्री तिथं बसायला घरचे नाहीच म्हणायचे. वाचनालयाला मात्र हो म्हणायचे, कारण तिथले शिपाईकाका आमच्या अप्पांना ओळखायचे आणि मुलींचा हॉल वेगळा होता. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुलींची तयारी या एवढ्या गोष्टीवर टिकली. खुर्चीवर ओढणी टाकून जेवायला घरी जायचं, परत येईपर्यंत जागेला कुणी हात लावत नसे.

बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, पण एमपीएससी करणाऱ्यांना राज्य मंडळाची जुनी क्रमिक पुस्तकं लागतात. अभ्यासक्रम बदलला की इतिहास-भूगोलाची ती पुस्तकं बाजारातून गायब होतात आणि मग झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी शाळांतून जुने संच मागून आणले, चांगली बांधणी करून घेतली आणि 'फक्त येथेच वाचण्यासाठी' असा शिक्का मारून वर ठेवले. 'लोकराज्य' आणि 'योजना' या सरकारी मासिकांचे जुने अंकही वर्षवार बांधलेले होते. शासकीय योजनांवर प्रश्न आला की मी आधी तिकडे धावायचे.

आता आमच्यातले जे लागले ते सुट्टीला गावी आले की संध्याकाळी माडीवर जातात आणि नव्या पोरापोरींच्या सराव मुलाखती घेतात. त्यासाठी कुणी पत्रक काढलेलं नाही, मागच्यांनी सुरू केलं आणि पुढच्यांनी चालू ठेवलं. इन्व्हर्टर मात्र मोठा हवा. उन्हाळ्यात लाइट गेली की माडीवर बसवत नाही, आणि परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात.

चिपळूण

वाशिष्ठीच्या पाण्यानं 2005 च्या जुलैत आणि पुन्हा 22 जुलै 2021 ला गाव बुडवलं. दोन्ही वेळा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, म्हणजे आमचं लोटिस्मा, त्यातून सुटलं नाही. 1864 सालची संस्था.

घरातला गाळ उपसून झाला आणि आम्ही काही जण तिकडे गेलो. भिजलेली पुस्तकं फुगून रॅकमध्ये इतकी घट्ट बसतात की ओढलं तर पुठ्ठा हातात येतो आणि पानं आतच राहतात. म्हणून आधी रॅकची फळी सैल करायची, कडेची पुस्तकं दोन्ही हातांनी खालून धरून काढायची, मग पुढची. साध्या कागदाचं पुस्तक वाचवता येतं: पानापानांत कोरा कागद घालायचा, उभं उघडून ठेवायचं, कागद सारखा बदलायचा. पण जुलैचा पाऊस, हवा ओली आणि वीज नाही, तर ते वाळणार कसं? आर्ट पेपरच्या चित्रांच्या पुस्तकांचं तर काहीच करता येत नाही. ती गुळगुळीत पानं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि पुस्तकाची वीट होते. अशा विटा हातगाडीत भरताना आमच्याबरोबरचे एक निवृत्त गुरुजी प्रत्येकीवरचं नाव वाचून वहीत लिहीत होते. पुढे ती पुस्तकं पुन्हा मिळवायची तर यादी हवी, हे त्या गडबडीत फक्त त्यांना सुचलं होतं.

याच वाचनालयानं जानेवारी 2013 मध्ये 86 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यजमान म्हणून भरवलं होतं. आमच्याएवढ्या गावातल्या वाचनालयानं! तेव्हा सतरंज्या उचलायला आलेली पोरं 2021 ला गाळ काढायला आली. व्याख्यानं, संमेलनं यांवरचा खर्च वायफळ असं म्हणणारे असतात, त्यांना मी हेच सांगतो. नदीकाठच्या गावांतल्या वाचनालयांना एक कळकळीची विनंती: दुर्मिळ ग्रंथ आणि दाखल नोंदवह्या (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या) तळमजल्यावर ठेवू नका.

सांगली जिल्हा. गृहिणी

आमच्याकडे दिवाळी अंक योजना आहे. एकदा ठरलेली रक्कम भरायची आणि दिवाळीपासून होळीपर्यंत पाळीपाळीनं हवे तेवढे अंक न्यायचे. एकेक अंक तीनशे-चारशेला झालाय, विकत कोण घेणार? 1909 ला 'मनोरंजन'नं दिवाळी अंकांची प्रथा पाडली, ती आमच्या वाडीपर्यंत वाचनालयामुळेच पोचली. अंक आधी सासूबाई वाचतात, मग मी, मग शेजारच्या काकू, आणि रेसिपीचं पान मोबाईलवर साऱ्या गल्लीत फिरतं.

जळगाव जिल्हा. निवृत्त शिक्षक

पन्नाशीत डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला आणि वाचन सुटलं. नोकरी गेल्यासारखं नाही, माणूस गेल्यासारखं वाटलं. सवयीनं वाचनालयात जाऊन बसायचो. तिथल्या सहायक ग्रंथपाल मुलानं एक दिवस हाताला धरून संगणकापुढे बसवलं, कानाला हेडफोन लावला. त्यानं एनव्हीडीए नावाची प्रणाली घातली होती. ती पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते, आणि फुकट आहे. तिचा मराठी आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर अडखळतो, पण कान सरावतात. आता मी वेग वाढवूनच ऐकतो.

दृष्टिहीनांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 मध्ये सुरू झालं. कॉपीराइट कायद्यात 2012 ला दुरुस्ती झाली, त्यामुळे आमच्यासारख्यांसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला प्रकाशकाच्या परवानगीसाठी अडून राहावं लागत नाही. हे मला कुणी सांगितलं? त्याच मुलानं. डोळ्यांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं खेटे घालत होतो, तिथं कुणी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

सुगम्य पुस्तकालयात मराठी पुस्तकं अजून कमी आहेत, आणि खानदेशातल्या लेखकांची तर फारच. म्हणून कॉलेजच्या दोन मुली गुरुवारी दुपारी येऊन आम्हा चौघा-पाच जणांना वाचून दाखवतात. माझ्या आठवड्यातली सर्वांत चांगली दुपार ती. ज्यांच्या गावात तरुण मुलं आहेत आणि एक रिकामी खोली आहे, त्यांनी हे करून पाहावंच.

कोल्हापूर जिल्हा. ग्रंथपाल, 'क' वर्ग वाचनालय

वरचं वाचून फार बरं वाटलं. आता काउंटरच्या या बाजूनं थोडं.

कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो देशातला पहिला. त्या मातीत काम करतो याचा मला अभिमान आहे. राज्याचा अधिनियम 1967 चा. त्यात ग्रंथालय कर नाही. तमिळनाडूत, कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालयांसाठी उपकर घेतला जातो, आपल्याकडे सारं अनुदानावर आणि वर्गणीवर चालतं. अनुदान अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे, तेही दोन हप्त्यांत. 2022 मध्ये ते 60 टक्क्यांनी वाढलं, पण त्याआधी कित्येक वर्षं ते जागचं हललं नव्हतं, आणि सर्वांत खालच्या 'ड' वर्गाला तर वर्षाला 30,000 रुपये मिळत. एवढ्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि माणसाचा पगार भागवायचा. हप्ता लांबला की पहिला थांबतो तो पगार. माझ्या ओळखीचे कितीतरी ग्रंथपाल सकाळी दुसरं काम करून दुपारी वाचनालय उघडतात. सेवा वाढवा म्हणणाऱ्या प्रत्येकानं आधी हे लक्षात घ्यावं, एवढीच अपेक्षा.

काम दिसतं त्याहून जास्त असतं. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत नोंद, मग दाखल क्रमांक, शीर्षकपानावर शिक्का आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का. याला आम्ही गुप्त पान म्हणतो: पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते त्यावरून कळतं. आमचं गुप्त पान कितवं ते इथं सांगणार नाही. त्यानंतर विषयाप्रमाणे वर्गांक, पाठीवर चिठ्ठी, आणि मग ते कपाटात जातं.

पण नोव्हेंबरात माझा अर्धा दिवस पेन्शनरांचा असतो. हयातीचा दाखला आता संगणकावर होतो, आणि आजोबांचा अंगठा यंत्रावर उमटता उमटत नाही. सातबारा काढून द्या, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या, ही कामं कुठल्याच नियमावलीत नाहीत. मी ती करतो, कारण त्या माणसाला बाहेर दर वेळी पैसे मोजावे लागतात. शिवाय जो आजोबा दाखल्यासाठी येतो तो पेपर वाचत बसतो आणि पुढच्या वेळी नातवाला घेऊन येतो.

कोरोनात मार्चपासून दार बंद होतं. 15 ऑक्टोबर 2020 ला राज्यात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली, नेमकी वाचन प्रेरणा दिनाला. त्या दिवशी आधी परत आलेली पुस्तकं वेगळी ठेवायची खोली केली आणि मग दार उघडलं. पायरीवर माणसं उभीच होती.

सध्या मुलीकडे, न्यू हॅम्पशायर, अमेरिका. मूळ रत्नागिरी

मी रत्नागिरीची, त्यामुळे वाचनालयाचं वेड उपजतच म्हणा. लेक राहते ते गाव छोटंसंच आहे. तिथं मला एकटीला चालत जाता येईल अशी जागा म्हणजे वाचनालय. नातीला घेऊन 'स्टोरी टाइम'ला जाते. बाई गोष्ट सांगताना मुलं मांडीवर, जमिनीवर, टेबलाखाली कुठंही बसतात, कुणी दटावत नाही. तिथं म्युझियमचे पासही मिळतात, आणि चक्क दुर्बीण घरी देतात! इथल्या खगोलप्रेमी मंडळाने 2008 पासून वाचनालयांना दुर्बिणी द्यायला सुरुवात केली. आमच्या जावयांनी ती पुस्तकासारखी नोंद करून आणली आणि आम्ही अंगणातून चंद्रावरचे खड्डे पाहिले. साठी उलटल्यावर पहिल्यांदा!

याच राज्यातल्या पीटरबरोचं वाचनालय 1833 सालचं. गावाच्या करातून चालणारं, सर्वांना मोफत, असं ते पहिलं मानतात. आपलं रत्नागिरीचं त्याहून पाच वर्षांनी जुनं आहे हो! पण फरक कुठं पडला ते मला इथं कळलं. मार्चमध्ये गावसभा भरते, रस्त्याचा खर्च, शाळेचा खर्च तसा वाचनालयाचा खर्चही मताला पडतो. विश्वस्तही गावच निवडून देतं. वर कोल्हापूरच्या ग्रंथपाल भाऊंनी कराचं लिहिलंय त्याला माझा मनापासून पाठिंबा. आपल्या घरपट्टीत वर्षाला थोडे रुपये वाढले तर मी तक्रार करणार नाही.

सिंधुदुर्ग. दोन मुलांची आई

मला अनुभवापेक्षा मदत हवी आहे. आमच्या वाचनालयात मुलांची पुस्तकं कुलपात आहेत, फाटतील म्हणून. कार्यवाह म्हणाले, बालविभाग तुम्ही चालवणार असाल तर एक खोली देतो. मी तयार आहे. सुरुवात कुठून करू?

कोल्हापूर जिल्हा. ग्रंथपाल

ताई, आधी कुलूप काढायला लावा. फाटलेलं पुस्तक चिकटवता येतं. पुस्तकं मुलांच्या छातीच्या उंचीपर्यंतच लावा, वरचे कप्पे रिकामे राहिले तरी चालेल. प्रत्येक मुलाच्या नावाचं स्वतंत्र कार्ड करा, आईच्या कार्डावर नको, आणि परतीच्या तारखेचा शिक्का त्यांनाच मारू द्या. सतरंजी पुरते, बाकांवर पैसे घालवू नका. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही ग्रंथालयांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या योजनांत बालविभागासाठीही साहाय्य आहे, त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. अर्ज वाचनालयाच्या लेटरहेडवर आणि कार्यवाहांच्या सहीनं जाऊ द्या. पण त्या पैशांची वाट बघत थांबू नका. शनिवारी शाळा सकाळची असेल तर दुपारी चारची वेळ धरा आणि ती एकदाही चुकवू नका. पहिले काही शनिवार दोन-तीनच मुलं येतील. गोष्ट तरीही पूर्ण सांगा.