मैदानावर जमतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. शिकवण्यात काय चुकतं?

विश्रामबाग_१०:
गिअरची मोटारसायकल शिकवते. बॅचमध्ये बहुतेक स्कूटीवरून आलेल्या मुली आणि बायका. सलग तासभर सराव घेतला की शेवटी गाडी छान निघते. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लच सुटतो, गाडी उडी मारून बंद पडते. आठच्या आकड्यात उजव्या वळणावर हमखास पाय टेकतात. मोठ्याने सांगितलं की आणखी गडबडतात. क्रम बदलू का?

अजिंक्यतारा_११:
ताई, मूळ स्कूटीच्या सवयीत आहे. स्कूटीवर डाव्या हाताला मागचा ब्रेक. तो झटकन सोडला तरी काही बिघडत नाही, म्हणून हात क्लचही तसाच सोडतो. 'क्लच हळू सोड' एवढं सांगून ही सवय मोडत नाही, हाताला नवी सवय लावावी लागते.

आधी गाडी बघा. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी ढील हवी. जास्त असेल तर क्लच दाबूनही गाडी सरकते. अजिबात नसेल तर प्लेटा घसरतात, शिवाय हाफ क्लच (क्लच अर्धवट सुटून गाडी ओढ घेते ती जागा) लिव्हरच्या अगदी शेवटाला येतो आणि लहान हाताची बोटं तिथेच निसटतात.

मग सपाट जागेवर, अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता. दोन्ही पाय जमिनीवर, पहिला गिअर. इंजिनचा आवाज जड होऊन गाडी पुढे ओढ घेईपर्यंतच क्लच सोडायचा, तिथे दोन सेकंद थांबायचं, पुन्हा दाबायचा. वीतभर पुढे गेली की पायांनी मागे घ्यायची. असं १५-२० वेळा. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी नुसत्या आयडलिंगवर चालते. ती पाय उचलून १० मीटर नेता आली की मगच अ‍ॅक्सिलरेटर.

तास सलग घेऊ नका. दहा-बारा मिनिटं सराव, पाच मिनिटं खाली उतरून विश्रांती. क्लचने मनगट भरून आलं की हात पुन्हा जुन्याच सवयीवर जातो. दुसऱ्या दिवशी विसरणं साहजिक आहे. सुरुवातीची पाच मिनिटं तोच व्यायाम, काहीही न सांगता, त्यांना आठवून करू द्या. लर्निंगनंतर पक्क्या लायसन्सच्या टेस्टला ३० दिवस थांबावंच लागतं, ते दिवस असे वापरा.

मिरज_जंक्शन:
आठच्या आकड्याबद्दल. उजवीकडे वळताना अ‍ॅक्सिलरेटरचा हात पोटाशी येतो, मनगट दुमडतं, नकळत अ‍ॅक्सिलरेटर कमी-जास्त होतो. त्यात नजर पुढच्या चाकावर. फक्कीने आधी १२ मीटर व्यासाचा एकच गोल आखा. डावीकडून जमला की उजवीकडून, मग दोन गोल जोडा. हाफ क्लच, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, आणि पुढच्या ब्रेकवर बोटच नको. हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी आतल्या बाजूला पडते.

चालत्या गाडीवर एकच शब्द बोला: 'नजर'. बाकीचं थांबल्यावर. तेव्हाही आधी 'गाडी कुठे डगमगली?' हे त्यांनाच विचारा. उत्तर बरोबर आलं तर दुरुस्ती अर्धी झालेली असते.

विश्रामबाग_१०:
आभार. घाबरल्यावर डावा लिव्हर दाबतात, त्याचं काय?

अजिंक्यतारा_११:
हे सगळ्यात धोक्याचं. स्कूटीत त्याने गाडी थांबते, इथे तो क्लच असतो, इंजिनचा चाकाशी संबंध सुटतो आणि गाडी घरंगळत राहते. २० च्या वेगाने सरळ रेषेत सराव घ्या. तुम्ही हात वर केला की अ‍ॅक्सिलरेटर बंद, उजवा पाय आणि उजवा हात एकत्र, पुढचा ब्रेक लिंबू पिळावं तसा वाढवत, क्लच शेवटी. थांबताना डावा पाय खाली, कारण उजवा ब्रेकवर. हात कधी वर करणार ते आधी सांगू नका.

मनगटही तपासा. वर उचलून ग्रिप धरली की दचकल्यावर ते खाली येतं आणि अ‍ॅक्सिलरेटर उघडतो.

कराड_५०:
चढ शेवटी. मागचा ब्रेक दाबून गाडी उभी ठेवायची, क्लच सोडताना आवाज जड झाला की ब्रेक सोडायचा. साताऱ्यातल्यांनी यवतेश्वरच्या घाटात लगेच नेऊ नये. पाठीमागे एसटी आली की शिकणारा क्लच सोडून मोकळा होतो. गल्लीतला छोटा चढ पुरतो. सांगलीकडे गळीत हंगामात रस्त्यावर उसाचं पाचट पडलेलं असतं, त्यावर ब्रेक दाबायचा नाही हे रस्त्यावर नेण्याआधीच दाखवा.