मदत हवी आहे: ऑर्डर-पेमेंट-स्टॉक सर्व्हिसमधला समन्वय साच्यातल्या वाक्यांत कसा लिहावा?

तीन सर्व्हिस (एकमेकांना संदेश पाठवणारे वेगवेगळे प्रोग्राम) आहेत. त्यांच्यातला व्यवहार बिझनेसच्या लोकांनाही वाचता यावा म्हणून बीपीएमएनच्या (कामाचा क्रम चौकोन-बाणांनी दाखवायची पद्धत) आकृतीऐवजी ठरावीक साच्याची वाक्यं वापरायची आहेत. सध्याचा नियम:

'पेमेंट झाल्यावर स्टॉक राखून ठेवला जावा. १५ मिनिटांत पेमेंट न आल्यास ऑर्डर रद्द व्हावी.'

टेस्टिंगमध्ये सोळाव्या मिनिटाला पेमेंट आलं. ऑर्डर रद्द, पैसे कापलेले. ऑर्डर आणि पेमेंट, दोन्ही टीमचं म्हणणं, लिहिल्याप्रमाणेच केलंय. वाक्यात काय राहिलंय?

प्रतिसाद १
'ठेवला जावा', 'रद्द व्हावी'. पण करणार कोण? आणि १५ मिनिटं कधीपासून, कोणाच्या घड्याळाने? ईअर्सचा साचा घ्या (सिस्टीमकडून काय हवं ते ठरावीक वाक्यांत लिहायची पद्धत, रोल्स-रॉईसमधल्या मंडळींनी २००९ मध्ये मांडलेली): आधी स्थिती, मग घटना, मग कोणी काय करायचं.

'ऑर्डर "पेमेंट बाकी" स्थितीत असताना, जेव्हा ऑर्डर सर्व्हिसला त्याच ऑर्डर क्रमांकाचा "पेमेंट यशस्वी" संदेश मिळेल, तेव्हा ऑर्डर सर्व्हिसने स्टॉक सर्व्हिसला "राखून ठेवा" संदेश पाठवावा.'

वाक्य लांबतं, लांबू द्या. स्थिती लिहिली की लगेच प्रश्न पडतो: ऑर्डर 'रद्द' असताना हाच संदेश आला तर? तो नियम तुमच्याकडे नाहीच. तिथे 'ऑर्डर सर्व्हिसने पेमेंट सर्व्हिसला त्या व्यवहार क्रमांकाचा "परतावा करा" संदेश पाठवावा' असं हवं. उभ्या रांगेत स्थिती, आडव्या रांगेत संदेश असा तक्ता करा. ४ स्थिती, ५ संदेश म्हणजे २० चौकोन. प्रत्येकात एक वाक्य, नाहीतर स्पष्ट 'दुर्लक्ष करावे'. रिकामा चौकोन म्हणजे पुढचा बग.

प्रतिसाद २
वरच्याला जोडून. ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एसबीव्हीआरमध्ये (बिझनेसचे नियम शब्दांत लिहायचं मानक, २००८) नियम दोन प्रकारचे असतात: व्याख्येनेच खरे असणारे, आणि मोडता येणारे. 'एका ऑर्डरचं एकच यशस्वी पेमेंट असतं' हे पहिल्या प्रकारात टाकलंत, तर मोडल्यावर काय करायचं ते कोणी लिहितच नाही. ग्राहक दोनदा बटण दाबतो. 'असावं' लिहा आणि खाली दुसऱ्या पेमेंटच्या परताव्याचं वाक्य द्या.

क्यू (सर्व्हिसमधले संदेश पोचवणारी रांग) बहुधा 'किमान एकदा' पोचवण्याची हमी देते, म्हणजे तोच संदेश दोनदा येऊ शकतो. 'त्या व्यवहार क्रमांकाचा परतावा आधीच झाला असेल तर पुन्हा करू नये' हे वाक्य पेमेंट सर्व्हिसच्या नावावर हवंच.

धागाकर्ता
तक्ता करतो. पेमेंटनंतर स्टॉकने नकार दिला तर?

प्रतिसाद १
परतावा. पण मुळात क्रमच उलटा करा: आधी स्टॉक राखा, मग पेमेंट. राखलेला स्टॉक क्षणात सोडता येतो, परतावा खात्यात यायला दिवस लागतात. मात्र मग १५ मिनिटं संपल्यावर 'स्टॉक सोडा' कोण पाठवणार, तेही लिहा.