नैराश्य आणि दारूचे व्यसन एकत्र असेल, तर विम्याचा दावा सरसकट नाकारावा का?

धागाकर्ता, टिळकवाडी (बेळगाव) :
मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 21(4) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचे आहे, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारातच धरल्या आहेत. असे असूनही विमा नियामकाने 2019 साली प्रमाणित केलेल्या अपवर्जनांपैकी (म्हणजे पॉलिसीतून वगळता येणाऱ्या बाबींपैकी) बारावे अपवर्जन व्यसनाचे उपचार आणि त्याचे परिणाम, दोन्ही वगळण्याची मुभा कंपन्यांना देते.

माझे मेहुणे उद्यमबागेतील एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. पगार ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) दरमहा 21,000 रुपयांच्या मर्यादेपलीकडचा, म्हणून त्यांनी खासगी पॉलिसी घेतली होती. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर वरच्या ओळीत 'एफ 32.2', म्हणजे तीव्र नैराश्य, आणि खालच्या ओळीत 'एफ 10.2', म्हणजे मद्यावलंबन, अशा दोन नोंदी होत्या. नैराश्य आधीपासूनचे आहे असे डॉक्टरांनी लेखी दिले, तरीही कंपनीने खालच्या ओळीवर बोट ठेवून संपूर्ण दावा फेटाळला. हे मला अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद, निपाणी :
आपल्या मेहुण्यांविषयी मनापासून सहानुभूती आहे. तरीही मी असहमत आहे. विमा हा सर्वांच्या हप्त्यांतून उभा राहतो. व्यसन सुटून पुन्हा जडण्याचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे एकाच रुग्णाचे दावे वारंवार येतील आणि त्याचा भार आमच्यासारख्या तंबाखूच्या व्यापारातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या हप्त्यावर पडेल. शिवाय आपल्या भागात व्यसनमुक्ती केंद्र म्हणून पाट्या लावलेल्या काही जागांत डॉक्टर क्वचितच फिरकतात. विम्याचा पैसा आला, की अशाच जागा वाढतील, याची मला अधिक धास्ती वाटते.

प्रतिसाद, खानापूर :
मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम करते. मधुमेह आणि रक्तदाब हेही पुन्हा पुन्हा रुग्णालयात आणतात, पण त्यांचे दावे कोणी त्या कारणाने नाकारत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली, तर दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हा उपचार वॉर्डातच करावा लागतो. नैराश्याला हात न लावता नुसती दारू सोडवली, तर माणूस पुन्हा त्याच बाटलीकडे वळण्याची भीती राहते. दोन्ही उपचार एकत्र व्हायला हवेत आणि बिलही एकच निघते. त्याचे कंपनीने दोन तुकडे कसे करायचे?

केंद्रांबाबतची आपली धास्ती मात्र रास्त आहे. त्यावर उपाय कायद्यातच आहे : नोंदणीकृत मानसिक आरोग्य आस्थापनेतील उपचारांनाच संरक्षण द्यावे. आयुष्मान भारतच्या उपचार-यादीत मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आहेतच. मग खासगी पॉलिसीने ते का वगळावेत?

प्रतिसाद, निपाणी :
नोंदणीची अट मला मान्य आहे. पण सरकारी सोय आहे तर तीच बळकट करावी. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आपल्यापासून दूर नाही. खासगी कंपनीला जोखीम निवडण्याचा अधिकार असायला हवा.

धागाकर्ता, टिळकवाडी :
धारवाडची संस्था चांगलीच आहे. पण हप्ता भरलेल्या माणसाला सरकारी रांगेकडे बोट दाखवणे हे पॉलिसीचे उत्तर होऊ शकत नाही. जोखीम निवडण्याचा अधिकार संसदेच्या कायद्याच्या वर जात नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 साली मानसिक आजाराच्या दाव्यांबाबत कंपन्यांना हेच बजावले आहे. माझी मागणी मर्यादित आहे : व्यसनाची नोंद असली, तरी नैराश्याचा खर्च वेगळा काढून तो मंजूर करावा, आणि नाकारायचाच असेल, तर ते नैराश्य व्यसनामुळेच झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे आम्ही याच मुद्द्यांवर तक्रार दाखल केली आहे. सीमाभागात असा दावा कोणाचा मंजूर झाला असल्यास, त्यातील डॉक्टरांच्या दाखल्यात नेमके काय लिहिले होते, तेवढे कृपया इथे सांगावे.