दादा चालला चिआंग मायला (आपला फॅमिली ग्रुप)

सुहासदादा: मंडळी, रिटायर झाल्यावर थायलंडमधल्या चिआंग मायला राहायला जायचं आमचं नक्की होत आलंय. मी ५३ चा, अजून तीन वर्षांनी नोकरीला रामराम. रिटायरमेंट व्हिसाला वय ५० पूर्ण लागतं, आणि तिथल्या बँकेत ८ लाख बाथ ठेवायचे नाहीतर महिन्याला ६५ हजार बाथ इन्कम दाखवायचं, झालं

नंदा: झालं काय झालं?? ८ लाख बाथ म्हणजे आपले वीस लाखांच्या वर जातात, आणि आईचं काय ठरवलंयस ते आधी सांग

सुहासदादा: आई सहा महिने तुझ्याकडे सहा महिने तिकडे

नंदा: आईला विचारलंस का? ती ठाण्याला यायला तयार होत नाही

मेधावहिनी: नंदाताई मीपण हेच म्हणतेय. यांना कॉन्डो म्हणजे तिकडचा फ्लॅट घ्यायचा होता, जमीन फॉरेनरच्या नावावर होत नाही तिकडे, कॉन्डो चालतो पण बिल्डिंगमधला ४९ टक्क्यांपर्यंतच एरिया परदेशी लोकांना. मी म्हटलं भाड्यानेच राहू, आणि इथला फ्लॅट विकायचा नाही म्हणजे नाही

पराग: मामा, मामी तिथे योगा क्लास घेणार होती ना? त्या व्हिसावर काम करता येत नाही. शिवाय दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, व्हिसा दरवर्षी वाढवायचा. आणि साठीनंतर सिनियर सिटिझन स्कीममध्ये पैसे टाकणार होतास, ते एनआरआयला उघडता येत नाही, बचत खातंही एनआरओ म्हणजे एनआरआयवालं करावं लागेल

सुहासदादा: तू सीए झालास तेव्हापासून घरात कुणाचं काही चांगलं झालं नाही बघ 😄

नंदा: आणि तुझा दमा? फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं नि जंगलं पेटवतात, सगळा धूर त्या खोऱ्यात अडकून बसतो. तू गेलास नोव्हेंबरात, छान गार हवा, वारोरोत मार्केटात फिरलास, फोटो टाकलेस, कोण हो म्हणणार नाही

मेधावहिनी: मार्केटात मी सोमतम म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड मागितलं, व्हेज व्हेज दहादा सांगितलं, तिने मान हलवली आणि माझ्यासमोरच बाटलीतून फिश सॉस ओतला. संकष्टीला काय करू मी तिथे

सुहासदादा: बरं मग मार्चमधेच जाऊन महिनाभर राहतो, धुरात निभलं तर पुढचं. मेडिक्लेमचंही बघतो, आपली पॉलिसी तिकडे चालत नाही. पराग पैसे कसे पाठवायचे रे?

पराग: वर्षाला अडीच लाख डॉलरची लिमिट आहे, तिथे अडचण नाही. पण एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापते, रिटर्न भरल्यावर अ‍ॅडजस्ट होतो पण तोवर पैसे अडकून पडतात. म्हणून थोडे ३१ मार्चच्या आत पाठव, थोडे एप्रिलमधे. मात्र मार्चमधे मला फोन करू नकोस, इयर एंडिंग असतं